पडायची माती

पाटी अजून तिथेच आहे. निळी, लोखंडी, उभी करायला चार माणसं लागली होती. वर 'मुलींचे स्वसंरक्षण प्रशिक्षण केंद्र' आणि खाली उद्घाटन करणाऱ्यांची नावं, ती केंद्राच्या नावाहून ठसठशीत. मी रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून बसतो. तेवढाच माझा निषेध.

गावाचं नाव लिहीत नाही. धुळ्याहून पारोळ्याकडे येताना एक फाटा लागतो, तिथून आत, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आमचे उपसरपंच अभिमनराव हे पानसुद्धा लॅमिनेट करून भिंतीला लावतील. त्यांना नाव छापून आल्याशी मतलब, कशापायी आलं याच्याशी नाही.

पण गोष्ट अभिमनची नाही, सुलक्षणाची आहे.

सुलक्षणा ही झिपरू वस्तादाची पोरगी. झिपरू आणि मी सातवीपर्यंत एकाच तरटावर बसलो. गणितात तो माझं बघून लिहायचा आणि मी त्याच्या जिवावर गावात छाती काढून फिरायचो, असा आमचा व्यवहार. मारुतीच्या देवळामागे त्यांची तालीम होती. पत्र्याची शेड, आत पंधरा फुटांचा चौकोनी हौद आणि हौदात तांबडी माती. आमचा सगळा मुलूख काळ्या मातीचा. ही तांबडी झिपरूच्या आजोबांनी बैलगाड्यांनी लांबून आणली आणि मग तीन पिढ्यांनी ती पोसली. हो, पोसलीच म्हणतो. तिच्यात ताक, हळद, लिंबाचा रस, तिळाचं तेल, कापूर. रोज फावड्याने खणून, ढेकळं फोडून, हाताने खडे वेचून. माती दाबून बसता कामा नये, हाच तालमीचा कायदा. रात्रभरात ती जेवढी घट्ट होईल तेवढी सकाळी मोकळी करायची, मगच अंगावरचा सदरा काढायचा.

आणि एक रीत होती. जो नवा येईल त्याच्या घरून पहिल्या दिवशी तांब्याभर ताक यायचं. ते हौदात ओतायचं. जातबीत कोणी विचारत नसे. हाशम गवंडी आमच्यातलाच, त्याच्या घरचं ताकही त्यातच. म्हणजे बघा, त्या मातीत अख्खं गाव मुरलेलं होतं.

सुलक्षणाला पडायला शिकवलं ते झिपरूने. पोर पाच वर्षांची असेल. देवळाच्या ओट्यावरून पाय घसरून पडली आणि हात टेकवून बसली, कोपर सुजलं. झिपरू तिला उचलून हौदाजवळ घेऊन गेला. गावातली दोन म्हातारी माणसं आडवी आली. पोरीची जात, देवाची तालीम, असं काहीतरी पुटपुटली.

झिपरू म्हणाला, "माटीले काय समजस, बाई शे का माणूस?"

आणि पोरीला हौदात ढकलून दिलं. ती रडली. त्याने पुन्हा ढकललं. संध्याकाळपर्यंत ती आपण होऊन पडत होती आणि हसत होती. मी समोर बसलेला होतो, ऐकीव सांगत नाही.

पुढे तिचं लग्न झालं, नवरा भूपेंद्र एसटीत मेकॅनिक. आठ-नऊ वर्षं जळगावला पिंप्राळ्यात राहिली. तिथल्या एका हॉलमध्ये कराटे शिकली, काळा पट्टा मिळवला, तिथल्या पोरींना शिकवूही लागली. भूपेंद्रची बदली इकडे झाली तशी गावात परत आली. तोवर झिपरू गेलेला. पोरं तालुक्याच्या जिममध्ये आरशासमोर दंड फुगवत होती. हौदात कुत्री निजत होती. सुलक्षणाने काय करावं? कुणाला विचारलं नाही, अर्ज केला नाही. पदर खोचला, फावडं घेतलं आणि आठ दिवस एकटी माती खणत बसली. नवव्या दिवशी हाशम तेलाची बाटली घेऊन आला. दहाव्या दिवशी मी कापूर नेला. मग पोरी यायला लागल्या. पंचवीस-तीस झाल्या. रीत तीच, पहिल्या दिवशी घरून तांब्याभर ताक.

तिची शिकवायची पद्धत ऐका. पहिले सहा महिने फक्त पडायचं. पुढे, मागे, कुशीवर. हनुवटी छातीला, हात पसरून तळवा मातीवर आपटायचा, म्हणजे धक्का अंगभर वाटला जातो. ठोसा नाही, लाथ नाही. आयांना हे पटेना. दिपमालाची आई तणतणत आली.

"अक्का, पोरीले माराले शिकाडाले धाडं मी. तू तर रोज पाडी राह्यनी!"

"वहिनी, कोणी धक्का दिला की पोरगी आधी पडतेच ना?"

"पडसच."

"मग पडल्यावर घाबरली, की खेळ संपला. पडून लगेच उठली तर पळते, ओरडते, चावते, काहीही करते. मारणं मी शिकवीन. पण माणूस मार खातो तो पडायच्या भीतीने."

आई म्हणाली, "तू बापासारखीच शे," आणि गेली. ही शिवी की शाबासकी, ते अजून ठरलेलं नाही.

या शिकवणीचा गुण सांगायला एक प्रमिलाबाई पुरेत. वय पंचावन्न, नातीला सोडायला यायच्या आणि कठड्यावर बसून नावं ठेवायच्या. एक दिवस सुलक्षणा म्हणाली, "काकू, बोलता कशाला, उतरा." बाई ईर्ष्येने नऊवारी खोचून उतरल्या. महिनाभरात गोळा होऊन लोळायला शिकल्या. पुढे पारोळ्याच्या स्टँडवर गाडीने झटका दिला आणि पायरीवरून खाली आल्या त्या अशा, की पिशवीतली अंडी फुटली पण बाईंना खरचटलं नाही. उठून कंडक्टरला म्हणाल्या, "हात देऊ नको, माले येस." आजही विचारा, अंड्यांसकट सांगतील.

आणि हाशमची नात आयत. अकरा वर्षांची, काडीसारखी. पडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. पाठ टेकायच्या आधी उभी, असं वाटायचं. डोळे मिटून मागे पडायची. सुलक्षणा मला म्हणायची, "नाना, ही पडत नाही, हिला माती झेलते."

आता रागाचं.

गेल्या डिसेंबरात सुलक्षणा आठ पोरींना घेऊन तीन दिवस धुळ्याला शिबिराला गेली. मी नेमका मुलीकडे मुक्ताईनगरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परतली तर हौद नाही. शेड नाही. सगळं सपाट, आणि सपाटावर राखाडी-लाल पेव्हर ब्लॉक, नक्षी काढून बसवलेले. बाहेरचा ठेकेदार, दोन दिवसांत काम फत्ते. अभिमन मोबाईलवर फोटो काढत उभा.

"या, या, अक्का! सरप्राईज! किती वर्षं चिखलात लोळवायचं पोरींना? आता बघा, शहरासारखं."

"माती कुठे आहे?"

"कोणती माती?"

"हौदातली."

"ती होय? हलवली. घाण वास मारत होती. रविवारी उद्घाटन आहे, पाहुणे येताहेत. पोरींना जरा पांढरे ड्रेस घाला."

"अभिमनभाऊ, यावर पोरी पडतील कशा?"

आणि हा उपसरपंच, ग्रॅज्युएट माणूस, हसून काय म्हणाला? "अक्का, स्वसंरक्षण शिकवायचं की पडायला शिकवायचं? पडू नका म्हणावं त्यांना!"

मी मुक्ताईनगरहून परतलो त्या रात्री हे वाक्य तिने मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. ताट बाजूला सारलं. ज्या जागी लेकरांनी पडायला शिकायचं त्या जागी दगड घातला, वर पाटी लावली, आणि पुन्हा वर हसतो!

सुलक्षणाला मी म्हणालो, रविवारी जाऊच नको. ती म्हणाली, "नाना, मी नाही गेले तर तो दुसऱ्या कोणाला उभं करील. मी असले तर निदान कोणी पडणार नाही." पोरींना तिने बजावलं, उभ्याने जे येतं तेवढंच. हात अडवणं, मनगट सोडवणं, ओरडणं. लादीवर कोणी पडायचं नाही.

उद्घाटन झालं. नारळ, फीत, शाली. पोरींनी उभ्याने सगळं नीट दाखवलं. सुलक्षणा पोरींच्या शेवटच्या ओळीमागे, स्टेजपासून पन्नास पावलांवर. पाहुण्यांना काही रंगत वाटेना, ते घड्याळ बघू लागले. तेव्हा अभिमनने माईक हातात घेतला.

"आमच्या मुली जबरदस्त पडतात साहेब! कोण पडून दाखवील? टाळ्या मिळतील!"

सुलक्षणा ओरडली, "नाही! आयत, नाही!" पण कर्ण्याचा आवाज मोठा. आयत सगळ्यांत पुढे होती. अकरा वर्षांचं लेकरू, माईकवरून बोलावणं आलेलं. धावत गेली, डोळे मिटले आणि मागे पडली. शिकवलं होतं तसंच. हनुवटी छातीला, हात पसरून तळवा जमिनीवर, जोरात. मातीत त्याचा आवाज 'धप्प' येतो. इथे वेगळा आला. माझ्या खुर्चीपर्यंत आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मी विसरणार नाही. पाहुण्यांनी वाजवल्या, अभिमनने वाजवल्या. आयत उठली नाही तरी दोन-चार टाळ्या चालूच होत्या. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सुलक्षणाने तिला उचललं तेव्हा पोरीने पहिलं काय विचारावं? "अक्का, माझं चुकलं का?"

हाशम तिला घेऊन धुळ्याला गेला, आठ दिवस दवाखान्यातच होता. इकडे अभिमन सांगत फिरला, पोरीला नीट शिकवलं नव्हतं म्हणून लागलं. सुलक्षणा उत्तर द्यायला गेली नाही. तिचा एकच प्रश्न, भेटेल त्याला. माती कुठे आहे? ती म्हणे, "नाना, आयतचा हात डॉक्टर जोडतील. पण ती पुन्हा पडली नाही तर कायमची घाबरेल, आणि लादीवर तिला मी पाडू शकत नाही. नवी माती आणली तरी मऊ व्हायला वर्षं जातील. मला तीच पाहिजे."

माती वाहून नेणारा ट्रॅक्टर गावातल्या वनाचा. सुलक्षणाने त्याला गाठलं.

"वना, माटी कोठे टाकी?"

"नाल्यामा, अक्का."

"कोणत्या नाल्यात?"

"त्या... तिकडला."

नाला पालथा घातला. काळा गाळ, प्लास्टिक, एक मोडकी खुर्ची. तांबडं चिमूटभर नाही. वना दुसऱ्या दिवसापासून आम्हाला बघितलं की ट्रॅक्टर वळवून न्यायचा.

सापडली कशी ते ऐका, कारण इथे त्या मातीनेच साक्ष दिली.

अभिमन घर बांधत होता, गावाच्या कडेला. जोत्याच्या भिंती हाशमनेच आधी बांधून दिल्या होत्या. नातीचं प्लास्टर झालं, हाशम परतला. पोटासाठी माणसाला कामावर जावंच लागतं, तो गेला. जोत्यात भराव पडलेला होता, वर मुरुमाचा पातळ थर. त्यावर पाणी मारून ठोकून काढायचं होतं, मग कोबा, मग फरशी. हाशमने पाणी सोडलं, धुम्मस उचललं आणि ठोकायला लागला. ठोकतो तर धुम्मस वीतभर आत! पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. जमीन बसेचना. काळी माती फुगते हे गावातल्या लेकराला ठाऊक, म्हणून अभिमनने हुशारी केली होती, काळी न घालता दुसरी घातली. फुकटची, जवळची. त्याला हे कळलं नाही की जी माती बसू नये म्हणून तीन पिढ्यांनी तेल-ताक पाजलं, ती त्याच्या फरशीखाली कशी बसेल! आणि मग उन्हाने वाफ निघाली. हळद, कापूर, आंबूस ताक.

हाशमने धुम्मस टाकलं. चप्पल न घालता तो थेट सुलक्षणाच्या दारात आला. मी तिथेच होतो. पंचाहत्तरीचा माणूस, दाढी ओली झालेली.

"बेटी, माटी मिळी गयी," तो म्हणाला. "मी तिले धुम्मसवरी ठोकी राह्यंतू."

एवढंच बोलला आणि उंबऱ्यावर बसला.

मला वाटलं आता तक्रार, मोर्चा, पंचायत. सुलक्षणाने यांतलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळ्या पोरी घेऊन ती अभिमनच्या जोत्यावर गेली. मुरूम बाजूला ओढला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि खणायला सुरुवात केली. ढेकळं फोडली, खडे वेचले आणि पोरी पडायला लागल्या. धप्प, धप्प, धप्प. हॉल, किचन, देवघर, जिथे जिथे खोल्या यायच्या तिथे तिथे पोरी पडत होत्या. आयत गळ्यात हात अडकवून जोत्याच्या कडेला बसून मोजत होती.

अभिमन बनियनवर धावत आला. शेजारच्या जुन्या घरातच राहतो.

"हे काय चाललंय? माझा प्लॉट आहे हा!"

"प्लॉट तुमचाच आहे, भाऊ," सुलक्षणा म्हणाली. "माती आमची आहे. जिथे माती तिथे तालीम."

"पोलीस बोलवीन!"

"बोलवा. त्यांना म्हणावं, मारुतीमागची माती माझ्या घरात कशी आली ते विचारायला या."

प्रमिलाबाई मागून, "पोलीस साहेबांना बी दोनदा पाडून दाखवू!" पोरी हसल्या. अभिमनचा पारा चढला. त्याने एकीच्या हातातलं फावडं हिसकलं. तेवढ्यात त्याची आई लताबाई बाहेर आल्या. ऐंशी वर्षांच्या, काठी टेकत. जोत्यापाशी वाकल्या, चिमूटभर माती घेतली, नाकाशी नेली. त्यांचा नवरा म्हणजे अभिमनचा बाप, झिपरूच्या बापाचा पट्टशिष्य. त्याच्यासाठी या बाईने त्या हौदात कितीदा ताक ओतलं असेल.

"अभिमन, हाई कोठली माटी शे?"

तो हातातल्या फावड्याकडे बघू लागला.

"तुना बाप या माटीमा लोयना. तू त्याले घरना पायामा गाडी टाकं?"

भर सकाळी, पंचवीस पोरींसमोर. अभिमनने फावडं खाली ठेवलं. माफी? छे. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तेवीस दिवस तालीम त्याच्या जोत्यावर भरली. हाशम कामाला गेला नाही आणि दुसरा गवंडी गावात येईना. बसत नाही त्या भरावावर फरशी कोण घालील? चोविसाव्या दिवशी भरदुपारी वना ट्रॉल्या भरून आला. चार खेपा केल्या. म्हणाला, "साहेबनी सांगं, पाटीपुढे टाक, कोणाशी बोलू नको." मी म्हणालो, "मग बोलू नको, ओत." तोवर बायांनी ब्लॉक उपटायला घेतले होते. परवानगी कोणी मागितली नाही आणि मागायला या म्हणायचं धाडस पंचायतीत कोणाला झालं नाही. त्याच ब्लॉकांचा हाशमने हौदाभोवती कठडा बांधला. मी बसतो तो त्यावरच.

माती चाळायला दहा दिवस लागले. सिमेंटच्या गोळ्या, मुरूम, गुटख्याच्या पुड्या. प्रत्येक घरून पुन्हा तांब्याभर ताक आलं. लताबाईंनी घागरभर पाठवलं.

लोक मला म्हणतात, नाना, आता झालं ना सगळं, राग सोडा. अभिमन रस्त्यात भेटला की 'राम राम नाना' म्हणतो, मी चष्मा पुसायला लागतो. एवढ्या गमती सांगत बसणारा माणूस मी, पण इथे मला गंमत सापडत नाही.

कारण आयत पुन्हा येते. प्लास्टर निघालं, मनगट थोडं वाकडं जुळलं. पहिला महिना ती हौदाच्या कडेला उभीच राहायची. सुलक्षणा तिला पड म्हणाली नाही, एकदाही नाही. फक्त तिच्यासमोर रोज स्वतः पडायची, पंचवीस वेळा, पन्नास वेळा. एका सकाळी पोर उतरली आणि पडली. सगळ्या ओरडल्या, हाशमने तोंड फिरवलं. आता ती रोज पडते, पूर्वीइतकीच चपळ.

पण पडायच्या आधी खाली बघते. पूर्वी डोळे मिटायची.